भुरीबाई पास झाली

चूक दिपमालाचीच होती. नंतर तिनं ती योगराज सरांवर ढकलून पाहिली, पुण्याच्या साहेबावर ढकलून पाहिली, त्या गोऱ्या बाईवर तर ढकललीच ढकलली. पण रोज सकाळी स्कुटी सुरू केली की ती चूक येऊन मागच्या सीटवर बसायचीच.

सांगायचं होतं, तपासणीला लोक येणार आहेत. ती सांगून बसली, "माय, पाव्हना येनार शेतस."

एवढंच. पण सातपुड्याच्या पायथ्याशी वडझिरीसारख्या पाड्यावर पाहुणा म्हणजे काय, हे दिपमालाला ठाऊक नव्हतं असं नाही. मूळची ती धरणगावची, पण चार वर्षं चोपड्याला खोली करून राहत होती आणि याच पाड्यांवर फिरत होती. जळगावच्या एका संस्थेत तिला काम होतं. परदेशातला एक दाता आणि इकडचं एक निराधार म्हातारं माणूस, अशी जोडी लावायची आणि दात्याच्या पैशातून त्या म्हाताऱ्याला महिन्याचं सामान पोचवायचं. गहू, तूरडाळ, तेल, साबण आणि प्रेशरच्या गोळ्या. वर्षातून दोनदा दात्याला पत्र जायचं. पत्र दिपमालाचं, अंगठा म्हातारीचा.

भुरीबाई या यादीत एकशे सतरावी. सत्तरीच्या पुढची. नवरा पुन्या मरून जमाना झाला होता, आणि मुलगा बादल गुजरातेत मजुरीला गेला तो तिकडचाच झाला. शेजारच्या झोपडीत झुंबरबाई, तीही तेवढीच, शिवाय दोन्ही डोळ्यांनी आंधळी. झुंबरबाईला तर मागेपुढे कुणीच नव्हतं. पण आधार कार्ड काढणाऱ्या कुणा शहाण्यानं तिच्या जन्माचं साल मनानं ठोकून दिलं, आणि कागदावर झुंबरबाई अठ्ठेचाळीस वर्षांची झाली. यादीत साठच्या खालचं माणूस बसत नाही. दिपमालानं तिचा कागद दुरुस्त करायला तालुक्याला चार खेपा घातल्या. तिथं सांगितलं, जन्माचा दाखला आणा. जी जन्मली तेव्हा सुईणीशिवाय कुणाला पत्ता नव्हता, तिचा दाखला!

म्हणून सामान एकीचं यायचं आणि खायच्या दोघी. चूल भुरीबाईची, चटणी वाटणं झुंबरबाईचं. आंधळ्या हातानं ती पाट्यावर मिरची अशी वाटायची की डोळसानं पाहत राहावं.

तर जानेवारीत योगराज सरांचा आवाजी निरोप आला. "दिपमाला, परदेशातल्या देणगीदारांकडच्या मॅडम येतायत. सोबत मूल्यांकन करणारे साहेब पुण्याहून. लाभार्थ्यांना सांगून ठेव, घर जसं आहे तसं दिसलं पाहिजे. सारवासारव नको, नटणं-थटणं नको. कळलं ना?"

कळलं. न कळण्यासारखं काय होतं त्यात? पण हे म्हातारीच्या तोंडावर सांगायचं कसं? 'माय, घर मळकं ठेव, तू मळकी रहा, म्हणजे लोकांना तुझी दया येईल' असं? जीभ वळली नाही. ती म्हणाली, "पाव्हना येनार शेतस, माय. जशी शे तशीच रहा."

"कोठेन येनार शेतस?"

"लांबून. समुद्रापलीकडून."

"बाप रे!" भुरीबाई म्हणाली, आणि त्याच वेळी तिची नजर अंगणात टिपत फिरणाऱ्या कोंबडीवर गेली. दिपमालानं ती नजर पाहिली होती. पाहूनही स्कुटी सुरू केली, कारण त्या दिवशी अजून तीन पाडे करायचे होते.

संस्थेची जीप आली त्या दिवशी वडझिरीत शिरताच दिपमालाला आपली चूक समोर दिसली. भुरीबाईची झोपडी पांढऱ्या मातीनं पोतारलेली होती. दाराभोवती बोटांनी काढलेली नक्षी. अंगण शेणानं सारवलेलं, खाटेवर धुतलेली गोधडी. आणि दारात भुरीबाई. अंगावर दिवाळीचं नवं लुगडं, गळ्यात चांदीची जाडजूड हासळी, हातात कडी. ती चांदी वना नावाच्या शेजाऱ्याच्या घरची. साऱ्या पाड्यात चांदीचा तेवढा एकच जोड होता. कुणाचं लग्न असो की लांबचा पाहुणा, ज्या घरी प्रसंग त्या घरची बाई तो घालायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. पाहुण्यासमोर ओक्या गळ्यानं उभं राहायचं नसतं. तो पाहुण्याचा अपमान.

झोपडीतून रश्शाचा वास येत होता. अंगणात कोंबडी नव्हती.

जीप चालवणारा भटूभाऊ खाली उतरून दिपमालाच्या कानाशी लागला. "ताई, आज तं तपासनीमा रस्सा शे व! असं मूल्यांकन रोज ऱ्हायनं तं मी पगार बी नही मांगाव."

"चूप बसा भटूभाऊ."

योगराज सरांनी दिपमालाकडे पाहिलं. मॅडमसमोर बोलणार तरी काय?

पुण्याच्या साहेबाजवळ टॅबलेट होता. त्यात प्रश्न, प्रश्नापुढे चौकटी. साहेब खाटेवर बसला, भुरीबाईनं पुढ्यात ठेवलेली थाळी त्यानं मांडीवर घेतली, आणि एका हातानं कोंबडीची तंगडी धरून दुसऱ्या हातानं बोट चालवू लागला.

"मागच्या सात दिवसांत मांस किंवा अंडी खाल्ली का?"

भुरीबाई हसली. असला काय प्रश्न? "पाव्हना उना ना घर, मंग खासूतच ना!"

साहेबानं बोट टेकवलं.

"अंगावरचे दागिने स्वतःचे आहेत?"

दिपमाला पुढं झाली. "नाही सर, ते..."

"मनंच शे," भुरीबाई म्हणाली. ताठ बसून म्हणाली. उसनं घातलंय असं पाहुण्याला सांगणं म्हणजे, तुझ्यासाठी मला दारोदार हिंडावं लागलं असं सांगणं. कोण सांगेल? बोट टेकलं.

"मिळालेलं धान्य आणखी कुणाला देता का?"

दिपमालाला वाटलं, आता हिनं गप्प बसावं. कशानंही बसावं. खोकला यावा हिला.

"या झुंबरले मीच खावू घालस," भुरीबाई अभिमानानं म्हणाली आणि भिंतीला टेकून बसलेल्या झुंबरबाईच्या गुडघ्यावर थाप मारली. झुंबरबाईनं आवाजाच्या दिशेनं हात जोडले.

बोट टेकलं. त्या चौकटीपुढे लिहिलं होतं, 'लाभार्थीजवळ गरजेपेक्षा अधिक अन्न.' दिपमालानं ते साहेबाच्या खांद्यावरून वाचलं आणि तिला तो टॅबलेट उचलून रश्शात बुडवावासा वाटला. जी बाई आपली अर्धी भाकर आंधळीला देते तिच्याजवळ भाकर जास्त झाली, असं गणित ज्यानं बसवलं त्यानं उपास पुस्तकातच पाहिला असणार.

गोरी बाई मात्र वाईट नव्हती. हेच तर वाईट. माणूस वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. ती जमिनीवर मांडी घालून बसली, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना तिनं तो तिखटजाळ रस्सा संपवला, निघताना भुरीबाईला मिठी मारली आणि रडली. साहेबानं तिचं बोलणं मराठीत सांगितलं. "मॅडम म्हणतात, या सगळ्या दौऱ्यात इतकी आनंदी बाई पाहिली नाही."

भुरीबाईनं मॅडमच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. पाहुणे तृप्त होऊन गेले. तिचं काम झालं होतं.

मार्चमध्ये यादी आली. एकशे सतरा नंबरपुढे लिहिलं होतं, 'उत्तीर्ण.'

दिपमालाला आधी कळलंच नाही. योगराज सरांनी समजावलं. जो लाभार्थी स्वतःच्या पायावर उभा राहिला त्याला देणगीदारांच्या भाषेत उत्तीर्ण म्हणतात. त्याची मदत थांबते आणि त्याच्या जागी दुसरा गरजू घेतात. "चांगलंच आहे की," सर म्हणाले, पण मान वर न करता म्हणाले. "आपली म्हातारी पास झाली."

हे सांगायला दिपमाला वडझिरीला गेली तेव्हा त्या महिन्याचं सामान सोबत नव्हतं. रिकाम्या स्कुटीकडे पाहूनच भुरीबाई समजली. तिनं पाणी दिलं. मग समोर बसली आणि नखानं जमीन उकरू लागली.

"पोरी, काय चुकनं मनं?"

"काही नाही चुकलं, माय."

"मीठ जास्त पडनं का रस्सामा?"

"नाही व."

"कोंबडी धाकली व्हती," भुरीबाई म्हणाली. रात्रंदिवस त्यावरच विचार केल्यासारखी म्हणाली. "इतला लांबना पाव्हना. बकरू कापाले पायजे व्हतं. वना म्हने, मी देस. मीच नको म्हनी."

दिपमालाला तिथं बसवेना. पाहुणे रुसले म्हणून सामान बंद झालं, असं म्हातारी समजत होती. आणि खरं काय ते सांगायचं तर, 'ते पाहुणे नव्हतेच' इथून सुरुवात करावी लागणार होती. तेही तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. ती सारखी अशीच, उद्यावर टाकणारी. तिच्यासारख्या भल्या माणसांनीच जगातल्या म्हाताऱ्यांचं निम्मं वाटोळं केलंय.

एप्रिलभर दोघी म्हाताऱ्या मोहफुलांवर होत्या. पहाटे भुरीबाई फुलं वेचायची, झुंबरबाई घरी चाचपत वाळत घालायची. पण प्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. आरोग्य केंद्रातून मिळतात, हो, मिळतात. केंद्र अकरा किलोमीटरवर आहे आणि तिथं पोचलं की गोळ्या पुढच्या आठवड्यात येणार असतात. एका सकाळी मोहाच्या झाडाखाली भुरीबाईला चक्कर आली आणि ती टोपलीवर पडली. वनानं उचलून आणली. कपाळाला खोक, उजवा हात सुजलेला. झुंबरबाईनं तिला चाचपून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "जिती शे ना?"

हे ऐकलं आणि दिपमाला सरळ जळगावला गेली. एस.टी.त उभी राहून गेली. ऑफिसात शिरली ती योगराज सरांच्या टेबलासमोरच.

"सर, ती चांदी वनाच्या घरची होती."

"मग ती बोलली का नाही?"

"पाहुण्याला सांगतं का कुणी?"

"पाहुणे येणार असं तिला सांगितलं कुणी?"

वरचा पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून सरांनी त्यावर कुणी दिलेलं सन्मानचिन्ह ठेवलं होतं.

"हे बघ," सर खालच्या आवाजात म्हणाले. वाईट तेही नव्हते. खानापूरच्या केळीवाल्याचा हा मुलगा, वीस वर्षं याच कामात झिजलेला. "फेरतपासणीचा अर्ज भरता येतो. पंधरा दिवस आहेत. पण फोटो बोलका पाहिजे. तिकडं माणसं फोटो पाहून देतात, अहवाल कुणी वाचत नाही. घर, भिंत, अंगावरचं... ते लुगडं फार नवं दिसतं तिचं."

"ते लुगडं आपणच दिवाळीला दिलंय, सर."

"मला माहीत नाही का? म्हणून तर सांगतोय."

दिपमाला पुन्हा वडझिरीला गेली. या वेळी मात्र तिनं सगळं सांगितलं. ते पाहुणे नव्हते. ते तपासायला आले होते की तू पुरेशी गरीब आहेस का. तू घर पोतारलंस, चांदी घातलीस, झुंबरबाईला वाढतेस म्हणालीस, म्हणून तू पास झालीस आणि पास झालीस म्हणून उपाशी. आता फोटो काढायचाय. त्यात तू वाईट दिसली पाहिजेस.

भुरीबाई ऐकत होती. रागावेल असं दिपमालाला वाटलं, तर ती लाजली. कपाळावरच्या खोकेपर्यंत पदर ओढला. "तपासनी व्हती? आन् मी तिना डोकावर हात फिरावा?"

"तिला आवडलं ते, माय."

"मी नही काढाव असा फोटू." आवाज एकदम कडक झाला. "मना फोटू एक बी नही घरमा. मना धनी पुन्याना बी नही. मरसू तवय पोरगा ईसन देखी, माय कशी व्हती, तं काय देखी? असं?"

दिपमालानं हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवला.

भिंतीजवळून झुंबरबाई बोलली. "मना काढ व पोरी. मी तं दिखसच गरीब. सजावानं काम नही."

"तुझं नाव यादीत नाही, झुंबरमाय."

"नही का? मंग ऱ्हाऊ दे." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "आज पीठ शे का व भुरी?"

ती सहज विचारत होती. टोमणा नव्हता त्यात. भुरीबाई उठली. पिठाच्या डब्यात हात घालून तो तसाच बाहेर काढला, बोटांना लागलेलं झटकलं, आणि दिपमालाकडे न पाहता म्हणाली, "सांग, काय घालू?"

जुनं लुगडं हवं होतं. ते घरात नव्हतंच. या बाया लुगडं फाटलं की ठेवत नाहीत. त्याची गोधडी होते. भुरीबाईची तीन जुनी लुगडी खाटेवरच्या गोधडीत शिवलेली होती. शेवटी झुंबरबाईचं विटकं लुगडं भुरीबाईनं नेसलं, आणि भुरीबाईचं नवं झुंबरबाईनं. आतल्या अंधारात दोघींनी ती अदलाबदल केली. बाहेर दिपमालाला झुंबरबाईचं हसू ऐकू आलं. "कसा रंग शे व याना?" "हिरवा शे." "हिरवा," झुंबरबाई म्हणाली, आणि काठावरून बोट फिरवत, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत ते लुगडं हातानं पाहत बसली.

भिंत पांढरी होती. दिपमालानं चुलीतली राख घेतली आणि बोटांच्या त्या नक्षीवरून पंजा फिरवला. स्वतःच्या हातानं. भुरीबाई बघत होती. रिकामं पातेलं पुढ्यात ठेवलं.

"खाली बघ, माय. नको, कॅमेऱ्याकडे बघ. हसू नको."

"हसनू कोठे? डोयामा पानी आनू का?"

"नको, राहू दे..."

"आनस ना. आते अर्ध काम कसाले करो?"

आणि तिनं आणलं. कुठून आणलं ते तिचं तिला ठाऊक. दिपमालानं तीन फोटो काढले. तिसरा चांगला आला, म्हणजे वाईट आला. भुरीबाईनं डोळे पुसले, राखेची भिंत एकदा पाहिली आणि विचारलं, "व्हयनं का?"

"व्हयनं, माय."

"मंग आते सांग. तू पाव्हनी शे का तपासनी? पाव्हनी व्हशी तं च्या ठेवस."

दिपमाला 'पाव्हनी' म्हणाली. चहा बिनदुधाचा होता. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

जूनमध्ये एकशे सतरा नंबर पुन्हा यादीत आला. गहू आला, डाळ आली, गोळ्या आल्या. योगराज सरांनी निरोप पाठवला, 'फोटो अप्रतिम. मॅडम खूप हेलावल्या.' भुरीबाईनं पहिलं काम केलं ते भिंत पुन्हा पोतारायचं. हात अजून दुखत होता, म्हणून नक्षी डाव्या हातानं काढली. ती जरा वाकडी आली.

डिसेंबरच्या सामानात प्रत्येक पोत्यावर एकेक कॅलेंडर होतं. परदेशात छापलेलं, गुळगुळीत, जड. बारा महिने, बारा म्हातारी माणसं. दिपमालानं ते आदल्या दिवशीच चोपड्याच्या खोलीवर चाळलं होतं. नेपाळचा म्हातारा, इथिओपियाची म्हातारी, पेरूची, कंबोडियाची, कुठली कुठली. वेगवेगळे देश, वेगवेगळी तोंडं, आणि सगळ्यांच्या पुढ्यात एक रिकामं भांडं. सगळ्यांना एकाच मास्तरानं बसायला शिकवल्यासारखं. मग तिच्या ध्यानात आलं, की तिथं प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दिपमाला असणार. कॅमेऱ्यामागे उभी. कोंबडीचा रस्सा खाल्लेली, चहा प्यालेली. नंतर हातावरची राख धुतलेली.

सप्टेंबरच्या पानावर भुरीबाई होती.

कॅलेंडर पोत्यावरून काढून ठेवावं असं तिला वाटलं होतं. पण सामान संस्थेच्या माणसांसमोर उतरवायचं होतं, आणि भटूभाऊनं तर वडझिरीला पोचल्याबरोबर ते उचलून भुरीबाईच्या हातात दिलं. "देख माय, तू इदेशमा जाई ऊनी! आते तुना भाव वाढना."

"भटूभाऊ, डाळ उतरवा आधी," दिपमाला खेकसली.

भुरीबाई खाटेवर बसून एकेक पान उलटत गेली. सप्टेंबरवर थांबली. पान लांब धरलं, जवळ धरलं. अंगठ्यानं त्या फोटोतल्या भिंतीवरची राख पुसल्यासारखं केलं. दिपमाला जीपच्या फळीला धरून उभी होती. आता ही काय म्हणेल ते ऐकायची तिची तयारी होती. शिवी दिली असती तर बरंच वाटलं असतं.

पानांचा आवाज ऐकून झुंबरबाईनं हात पुढं केला. कागद चाचपला. "कसं गुयगुयीत शे व! कोना फोटू शे?"

भुरीबाईनं दिपमालाकडे पाहिलं. मग पान मिटलं.

"शे कोनी गरीब बाई. आपला गावनी नही."

"तिले कोनी नही का?"

"नही."

"अरे रे. मंग तिले देतस का काही?"

"देतस," भुरीबाई म्हणाली, आणि कॅलेंडर पालथं करून पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. "पहिले फोटू काढतस, मंग देतस."